विषय: मुलांचा कोड बरोबर आहे, तुमचं नेटवर्क चुकलं आहे

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग

शनिवारी संध्याकाळी तुमच्या मदत केंद्राला केलेला फोन हा आमचा शेवटचा फोन. यापुढे जे असेल ते लेखी. तीनदा तक्रार नोंदवली, तिन्ही वेळा ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले’ असा संदेश आला, आणि बिघाड पहिल्या दिवशी होता तसाच आज आहे. तिसरा संदेश तर आम्ही तुमच्या माणसाशी बोलत असतानाच आला.

सर्व्हर, राउटर, इंटरनेटची जोडणी आणि पुस्तिका असा हा प्रोग्रामिंग शिकवण्याचा संच तुमचाच आहे. आमच्याकडे, बडोद्यात दांडिया बाजारातल्या वाचनालयात, तो बावीस संगणकांना जोडला आहे. सातवी ते दहावीची मुलं त्यावर पायथॉन शिकतात. बहुतेकांची ही पहिलीच प्रोग्रामिंगची भाषा. वर्गाला फी नाही. सर्व्हरवर ज्युपिटरहब (एका सर्व्हरवर अनेकांना कोड लिहू देणारी प्रणाली), पोर्ट (सर्व्हरचं आत यायचं दार) ८०००, मुलं ब्राउझरमधून आपली नोटबुक, म्हणजे कोड लिहायचं आणि चालवायचं पान, उघडतात.

बिघाड असा. तुमच्या माणसाने सर्व्हरला १९२.१६८.१.५० हा पत्ता हाताने घातला. राउटरमध्ये डीएचसीपीने, म्हणजे प्रत्येक यंत्राला आपोआप, वाटायचे पत्ते मात्र १९२.१६८.१.२ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंत सगळेच्या सगळे खुले ठेवले. म्हणजे ५० हा पत्ता सर्व्हरचा आहे हे राउटरला ठाऊकच नाही. तो कोणालाही देऊन टाकतो. वाचनालय रात्री बंद होतं, तेव्हा सर्व्हरही बंद होतो. दुसऱ्या दिवशी मुलांचे संगणक आणि वायफायवरचे मोबाइल आधी चालू झाले की त्यांतल्या एखाद्याच्या वाट्याला ५० येतो. देण्याआधी राउटरने पिंग करून (त्या पत्त्याला हाक मारून) खात्री केली तरी उपयोग नाही, कारण सर्व्हर तेव्हा बंदच असतो, उत्तर कोण देणार? मग सर्व्हर सुरू होतो आणि तोही ५० वर येऊन बसतो.

एका पत्त्यावर दोघे. त्या वेळी वेगवेगळ्या संगणकांवर ‘एआरपी -ए’ ही, कोणत्या पत्त्यावर कोणतं यंत्र आहे ते दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली. चौथ्या संगणकावर ५० समोर सर्व्हरचा मॅक पत्ता (यंत्राची नेटवर्कवरची स्वतःची ओळख) दिसतो, अकराव्यावर एका मोबाइलचा. दोन्ही पडद्यांची छायाचित्रं सोबत जोडली आहेत. म्हणूनच अर्ध्या वर्गाला सर्व्हर दिसतो आणि अर्ध्याला नाही, आणि हे अर्धे रोज बदलतात. केबल खराब असती तर रोज तोच संगणक अडला असता. स्विच खराब असता तर यूट्यूबही अडलं असतं.

तुमची माणसं दर वेळी राउटर रिस्टार्ट करायला सांगतात. तो केला की त्या दिवसापुरतं चालतं, कारण हा राउटर जुनी वाटणी विसरतो, आणि नवी वाटणी करताना सर्व्हर चालू असल्यामुळे ५० वगळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सर्व्हर आधी लावायचा आणि पाच मिनिटांनी बाकीचे संगणक, हा तात्पुरता उपाय आम्ही केला. वीज गेली की तोही फसतो: वीज आल्यावर सगळं एकदम सुरू होतं, आणि सर्व्हरला उठायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

खरा उपाय दोन मिनिटांचा आहे. वाटपाची मर्यादा १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ एवढीच ठेवायची आणि सर्व्हरला तिच्या बाहेरचा, समजा १९२.१६८.१.१०, हा पत्ता द्यायचा. किंवा सर्व्हरचा मॅक पत्ता राउटरमध्ये नोंदवून ५० त्याच्यासाठी राखून ठेवायचा. हे आम्हीच केलं असतं. पण राउटरची पानं आम्हाला नुसती पाहता येतात, बदलता येत नाहीत. पासवर्ड तुमच्याकडे आहे आणि ‘धोरणानुसार’ तो ग्राहकाला मिळत नाही. धोरण ठेवा, पण मग दोन मिनिटांचं काम तुम्ही करा.

आता या बिघाडाने मुलांचं काय होतं ते नीट वाचा, कारण तुमच्या तक्रार अर्जावर त्यासाठी रकाना नाही. नोटबुकमध्ये एखादा कोड चालू असतो तोवर त्याच्यापुढच्या चौकटी कंसात तारा दिसतो. काम संपलं की ताऱ्याच्या जागी आकडा येतो. मुलांना व्हाइल लूप, म्हणजे अट खरी असेपर्यंत त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं, शिकवताना पहिला सराव एक ते शंभरच्या बेरजेचा असतो. त्यात ‘मोज = मोज + १’ ही मोजणी एकाने वाढवणारी एक ओळ विसरली की लूप कधीच थांबत नाही. चूक दाखवणारा लाल मजकूर येत नाही, उत्तर येत नाही, नुसता तारा. ही चूक पहिल्यांदा शिकणारा प्रत्येक जण करतो आणि करायलाच हवी. तिच्यातूनच लूप कळतो. पण सर्व्हरशी जोडणी तुटली तरी तसाच ताराच दिसतो. मूल आपल्या पाच ओळी पुन्हा पुन्हा वाचतं. ओळी बरोबर असतात. ते बरोबर ओळी खोडून चुकीच्या लिहितं. नोटबुक दर दोन मिनिटांनी आपोआप साठवली जाते, पण जोडणीच नसेल तर तीही साठवली जात नाही, आणि पान पुन्हा उघडलं की मधलं लिहिलेलं गेलेलं असतं.

जाणत्याला यातला फरक कळतो. थांबवायचं बटण दाबलं आणि ‘कीबोर्डइंटरप्ट’ (कोड मध्येच थांबवल्याचा संदेश) आलं तर दोष लूपचा; दाबून काहीच झालं नाही तर आधी जोडणी तपासायची. हे आम्ही मुलांना शिकवलं. पण पहिल्या महिन्यात शिकणाऱ्याचा यंत्राच्या उत्तरावर विश्वास बसायला लागतो. चुकलो तर यंत्र चूक दाखवेल, बरोबर असलो तर उत्तर देईल, एवढ्या एका भरवशावर प्रोग्रामिंग शिकता येतं. तो भरवसा तुम्ही मोडलात. आमचा राग याचा आहे.

आणि आता शनिवारचा फोन. चाळीस मिनिटांत तिसऱ्या माणसाकडे जोडून मिळालं. त्याचा पहिला प्रश्न: “यूट्यूब चलता है?” चालतं म्हटलं. “मग नेट ओके आहे.” आम्ही सांगितलं की सर्व्हर खोलीतच आहे, त्याच्यापर्यंत पोचायला इंटरनेट लागतच नाही, प्रश्न आतल्या नेटवर्कचा आहे. तो म्हणाला, राउटर रिस्टार्ट करा. पत्ता दोघांना जातो आहे हे सांगितलं, दोन्ही मॅक पत्ते वाचून दाखवले. त्याने ते उतरवून घेतले नाहीत. म्हणाला, मुलांचा कोड चुकत असेल, पायथॉन आमच्या सपोर्टमध्ये येत नाही. आम्ही सांगितलं, कोड चुकला तर पान दिसतं आणि त्यावर चूक कुठल्या ओळीत आहे ते येतं. इथे पानच उघडत नाही, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येतं. मुलाच्या कोडमुळे कनेक्शन टाइम आउट होत नाही. यावर तो म्हणाला, “आधी मुलांना कोडिंग शिकवा, मग सर्व्हर मागा.”

हे वाक्य फोनच्या स्पीकरवर होतं. समोर मुलं बसली होती. फोन चालू असतानाच निराकरण झाल्याचा संदेश आला.

१९०६ साली ज्या बडोदा संस्थानात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, जिथून १९१० नंतर पेट्यांत भरून पुस्तकं खेड्यापाड्यांत गेली, त्या गावच्या वाचनालयात बसलेल्या मुलांना तुमच्या कंपनीने हे ऐकवलं. त्या मुलांची माफी लेखी मागावी. हे पत्राच्या ओघात लिहून गेलो नाही. ही मागणी आहे.

दुसऱ्या तक्रारीनंतर तुमचा माणूस प्रत्यक्ष आला होता, तेही नोंदवून ठेवतो. त्याने सर्व्हरलाच मॉनिटर जोडला, त्याच्याच ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:८०००’ लिहिलं, पान उघडलं, ‘चालतंय’ म्हणून फॉर्मवर सही घेतली. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१. ती विनंती यंत्राच्या बाहेर जातच नाही. ना केबल, ना स्विच, ना राउटर, ना ५० हा पत्ता, यांतलं काहीच त्या चाचणीत तपासलं गेलं नाही. चाचणी अकराव्या संगणकावरून करायची होती. मुलं तिथे बसतात.

स्थिर आयपीचं प्रकरण तर पैशांचं आहे. पावतीवर ‘स्थिर सार्वजनिक आयपी’ (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा, न बदलणारा पत्ता) असं लिहून दरमहा २५० रुपये, सात महिने, घेतले आहेत. राउटरच्या स्थितीच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ ही पट्टी २०१२ सालापासून कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखीव आहे. एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटायचा असेल तेव्हा ती वापरतात. तो सार्वजनिक पत्ता नाही. बाहेरून आपला पत्ता दाखवणाऱ्या संकेतस्थळावर वेगळाच आकडा येतो, तो तुमच्या यंत्रणेचा. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून आलेली विनंती सर्व्हरकडे वळवायला सांगून) काही होत नाही, कारण बाहेरून आलेली विनंती तुमच्याच यंत्रणेत अडते, आमच्या राउटरपर्यंत येतच नाही. यूट्यूब चालतं कारण ती मागणी आतून बाहेर जाते. बाहेरून आत येण्यासाठीच आम्ही हे २५० रुपये देतो.

पुढच्या चाचणीआधी हेही सांगून ठेवतो: बाहेरून दिसतं का हे वाचनालयाच्या वायफायवरून पाहू नका. स्वतःचा सार्वजनिक पत्ता आतून उघडायला पुष्कळ राउटर नकार देतात. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहा. आणि ८००० थेट जगाला उघडू नका, मुलांचे पासवर्ड त्यावर असतात. ४४३ या पोर्टवर, टीएलएससह (मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशा जोडणीने) द्या. करारात तसंच लिहिलं आहे.

पुस्तिकांबद्दल थोडक्यात. सर्व्हरवर पायथॉन ३ आहे, पंचवीस छापील पुस्तिका पायथॉन २ च्या आहेत. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. पहिल्याच पानावर प्रिंटपुढे कंस नाहीत, त्यामुळे पुस्तिकेतून जसाच्या तसा उतरवलेला पहिला प्रोग्राम सिंटॅक्सएरर (लिहिण्याच्या नियमांची चूक) देतो. ‘इनपुट’ने घेतलेल्या वयात १ मिळवायला सांगितलं आहे, पायथॉन ३ मध्ये इनपुट अक्षरमाला देतो, त्यामुळे ‘इंट(इनपुट())’ लिहिल्याशिवाय टाइपएरर (अक्षरं आणि आकडा एकत्र मिळवल्याची चूक) येतो. सगळ्यांत वाईट चूक नवव्या पानावरची. ७/२ चं उत्तर ३ छापलं आहे, यंत्र ३.५ सांगतं, आणि चुकीची खूण कुठेच येत नाही. मुलांनी पुस्तिकेवर विश्वास ठेवायचा की यंत्रावर? पुन्हा तोच भरवसा मोडला. पंचवीस दुरुस्त प्रती पाठवा.

तुमच्या माहितीपत्रकावर ‘पहिल्या प्रोग्रामपासून स्वतःच्या सर्व्हरपर्यंत’ असं छापलं आहे. ते वाचूनच आमच्या समितीने वर्गणीतून हा संच घेतला. आज दुसऱ्या कुठल्या वाचनालयाने विचारलं तर आम्ही नाही म्हणू, आणि का ते या पत्रातल्यासारखंच सविस्तर सांगू.

पंधरा दिवसांत डीएचसीपीची मर्यादा बदललेली, खरा सार्वजनिक पत्ता मिळालेला किंवा सात महिन्यांचे १,७५० रुपये परत आलेले, पुस्तिका पोचलेल्या आणि माफीचं पत्र हातात आलेलं हवं. तसं झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ती तक्रार आम्हाला बडोद्यातच करता येते, तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी यावं लागत नाही. तिन्ही निराकरणाचे संदेश, त्यांच्या वेळा आणि त्या-त्या दिवशीची एआरपीची छायाचित्रं आम्ही जपून ठेवली आहेत. तिसरा संदेश फोन चालू असताना आला हेही त्या वेळांवरून दिसतं.

माणूस पाठवाल तेव्हा राउटरचा पासवर्ड ठाऊक असलेला पाठवा. वर्ग सोमवार ते शनिवार संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो. त्याने वर्ग चालू असताना यावं आणि अकराव्या संगणकावर बसावं.

व्यवस्थापक, संगणक वर्ग
वाचनालय, दांडिया बाजार, बडोदा

सोबत: एआरपीची छायाचित्रं, सात पावत्या, पुस्तिकेचं पहिलं आणि नववं पान