पिल्लं कुठे जाणार, ते आधी ठरव

सातारा, कोजागिरी

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

या हिवाळ्यात बोआ या परदेशी सापांची जोडी लावू का, असं तू विचारलंस. अशा गोष्टी फोनवर अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहिते. जोडी लावणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. ते काम साप तुझ्यावाचूनही उरकतील. जुलैत पंचवीस पिल्लं झाली आणि वर्षभर त्यांतलं एकही घराबाहेर गेलं नाही, तर ती सगळी तुला नीट सांभाळता येतील का, एवढंच विचार. एका खेपेला दहा होतील की पन्नास, हे आपल्या हातात नसतं. मी पंचवीस धरून बोलते आहे.

आधी कागद. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातले परदेशी प्राणी त्यामुळे अनुसूची 4 मध्ये आले आणि बोआ त्यांत आहे. कलम 49 एम आणि 2024 चे नोंदणी नियम यांनुसार जिवंत प्राण्याची नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नुसती मालकाची नोंद पुरत नाही. पिल्लं झाली, एखादं मेलं, दुसऱ्याकडे गेलं, हे सगळं मुदतीत कळवायचं असतं. मादीची नोंद तुझ्या नावावर आहे, पण नर मित्राचा आहे. त्याच्या कागदाची प्रत हातात आल्याशिवाय तो तुझ्या खोलीत येता कामा नये. बेकायदा आणलेल्या नराची पिल्लं कायदेशीर कशी ठरतील? पिल्लं दुसऱ्याला देताना काय लागतं, हे सांगलीच्या उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी विचार आणि उत्तरही लेखीच घे.

मग रक्ताची तपासणी. बोआमध्ये आयबीडी नावाचा विषाणूजन्य आजार असतो. उलट्या, तोंडात पू, वारंवार न्यूमोनिया, मान वर करून आकाशाकडे बघत राहणं ही त्याची लक्षणं, पण बोआ वर्षानुवर्षं काहीही न दाखवता विषाणू बाळगू शकतो. तो आईकडून पोटातल्या पिल्लांत जातो आणि त्यावर औषध नाही. म्हणून दोघांचीही पीसीआर तपासणी हवी, रक्त आणि अन्ननलिकेचा स्वॅब दोन्हींवर. नर किमान 90 दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचा, चिमटा आणि पाण्याचं भांडं वेगळं, रोज आधी मादीचं काम आणि मग नराचं. 90 दिवसांनी पुन्हा तपासणी. खवल्यांखाली, डोळ्यांच्या कडेला आणि पाण्याच्या भांड्यात रक्त पिणारे काळे बारीक किडे (माइट) दिसतात का ते भिंग घेऊन बघ. आता हिशेब कर: आज ऑक्टोबर आहे, नर अजून मित्राकडेच आहे. 90 दिवस मोजले की जानेवारी उजाडतो, आणि तोवर जोडी लावायचा अर्धा हंगाम गेलेला असतो.

मादी पाच वर्षांची आणि सहा फुटांची आहे, ते ठीक. तिचं वजन मात्र मला पटत नाही. तू पाठवलेल्या फोटोत शेपटीच्या मुळाशी चरबीच्या वळ्या दिसतात आणि अंगाला वाकवलं की खवल्यांमधली कातडी उघडी पडते. अशा मादीची बीजं नीट वाढत नाहीत, आणि वाढलीच तर बाळंतपण अडतं. एक मोठा घूस-उंदीर दर आठवड्याला हे तिच्या वयाला फार होतं. मध्यम आकाराचा उंदीर तीन आठवड्यांतून एकदा, असं सहा महिने चालव. उपाशी ठेवून वजन उतरवू नकोस.

आता हवामान. यात परदेशी पुस्तकं सांगलीकराला फसवतात. त्यांच्याकडे प्रश्न गरम करण्याचा असतो, तुझा उलटा आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्रीचं तापमान दर चार दिवसांनी एक अंश असं उतरवत 22 ते 23 अंशांवर आणायचं आणि दिवसा गरम कोपऱ्यात 30-31 अंश ठेवायचे. डिसेंबरात सांगलीची पहाट याहून बरीच खाली जाते, म्हणजे रात्रीही हीट मॅट लागणारच. त्या थंडीत डबा ओलसर राहिला तर फुप्फुसाला सर्दी बसते. डिसेंबरच्या मध्यापासून नराला मादीच्या डब्यात चार-पाच दिवस ठेवायचं, मग तितकेच दिवस बाहेर. मिलन झालं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा दिवस मादीचं अंग मधोमध मोठा घास गिळल्यासारखं फुगतं. ते बीज सुटल्याचं लक्षण, आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते. ती तारीख भिंतीवर लिहून ठेवायची, कारण बाळंतपण त्या कातीपासून 100 ते 120 दिवसांत होतं. कात 20 मार्चला पडली, तर पिल्लं 28 जून ते 18 जुलैच्या दरम्यान.

म्हणजे मादी गाभण असताना एप्रिल-मे येणार. तिला गरम कोपऱ्यात 31-32 आणि गार कोपऱ्यात 26-27 अंश लागतात, आणि ती दिवसभर या दोहोंत जागा बदलत राहते. तुझ्या पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात दुपारी 38 अंश होत असतील, तर गार कोपरा उरतच नाही. थर्मोस्टॅट गरम करणं थांबवतो, गार करत नाही. सलग दिवस 34 अंशांच्या वर गेले की पिल्लं वाकड्या पाठीची, विना डोळ्यांची किंवा मेलेली निघतात. कूलरने खोली ओली होते, आणि दुपारी वीज गेली की तोही बंद. त्यामुळे एसी आणि त्याला चार तास चालवेल असा इन्व्हर्टर, किंवा खालच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली. तिसरा पर्याय मला दिसत नाही.

खालच्या मजल्याचं नाव काढलं की कृष्णा आठवते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी कुठवर आलं, ते तुला मी सांगायला नको. पिल्लं तेव्हा जेमतेम काही आठवड्यांची असणार. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आहे, धोका पातळी 45. चाळीसची बातमी येण्याआधीच पंचवीस डबे कुणाकडे, कोणत्या गाडीतून न्यायचे हे ठरलेलं हवं. डबे बंद कड्यांचे आणि त्यांवर नंबर घातलेले. पुराच्या निवारा केंद्रात सापांची पेटी घेऊन आलेल्याला कुणी आत घेणार नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

बाळंतपण बहुतेक वेळा रात्री होतं. बोआ अंडी घालत नाही. पिल्लं पातळ पडद्यात गुंडाळलेली बाहेर येतात, लांबी 40 ते 50 सेंटिमीटर, वजन 50 ग्रॅमच्या आसपास. त्यांच्याबरोबर पिवळे कडक गोळे येतात, ते न फळलेलं बीज, ते लगेच काढून टाकायचे. पडदा स्वतःहून फाटला नाही तर तोंडाजवळ बोटाने हलकेच फाड. बेंबीला पिवळा बलक लटकत असेल तर ओढू नकोस. ओल्या टिश्यू पेपरवर बंद डब्यात ठेवलं की तो एक-दोन दिवसांत जिरतो. ओढला तर आतडं बाहेर येतं. मादी काही पिल्लं टाकून थांबली आणि कळा देत राहिली, तर उद्या बघू म्हणू नकोस. अडलेल्या सापाला ऑक्सिटोसिनचा गाईसारखा भरवसा नाही, कधी शस्त्रक्रियाच करावी लागते. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात सापाचा एक्स-रे, सोनोग्राफी आणि शस्त्रक्रिया कोण करेल, हे जोडी लावण्याआधीच विचारून ठेव. बाळंतपणानंतर मादीला किमान एक पूर्ण हंगाम विश्रांती.

आणि इथून खरं काम सुरू होतं. प्रत्येक पिल्लाला वेगळा डबा हवा. एकत्र ठेवली तर एकाच उंदराला दोघं धरतात आणि एक दुसऱ्याला गिळायला बघतं. पाच-सहा लिटरचा डबा, कागदाचं अंथरूण, उलथणार नाही असं पाण्याचं भांडं, लपायला जागा, एका टोकाला 30-31 अंश. पहिली कात आठ ते चौदा दिवसांत, पहिला घास त्यानंतर. घास 5 ते 7 ग्रॅमचा, म्हणजे अंगावर लव आलेलं उंदराचं पिल्लू, ज्याला आपण फझी म्हणतो. दर दहा दिवसांनी एक. पंचवीस पिल्लांना महिन्याला 75, वर्षाला 900. गोठवलेला खुराक सांगलीत दुकानात मिळेल या भरवशावर राहू नकोस, स्वतःच पांढरे उंदीर वाढवावे लागतील. उंदराची मादी 19 ते 21 दिवसांत विते, एका वेळी आठ-दहा पिल्लं. तिला विश्रांती देत गेलं तर हाताशी महिन्याला पाच-सहा पडतात. म्हणजे निदान पंधरा माद्या, चार-पाच नर, भुसा, वास, आणि शेजाऱ्यांची बोलणी. त्यात हे उंदीर 32 अंशांच्या उकाड्यात व्यायचे कमी होतात, म्हणजे त्यांनाही एसी!

काही पिल्लं खातच नाहीत. त्यांना जबरदस्तीने भरवण्याआधी डबा झाकून ठेव, उंदीर 38-40 अंशांच्या पाण्यात पिशवीसकट कोमट कर आणि रात्री दे. मायक्रोवेव्हमध्ये नाही, पोट फुटतं. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. एखाद्याने ओकला, तर दोन आठवडे काही द्यायचं नाही, मग अर्ध्या आकाराचा घास. घाई करून दुसऱ्या दिवशी भरवलं की ते पुन्हा ओकतं, आणि दोन-तीनदा ओकलेलं पिल्लू सहसा वाचत नाही.

रंगांबद्दल थोडंच. तुझी मादी काह्ल ओळीची अल्बिनो, म्हणजे अंगात काळा रंग नसलेली, आणि नर शार्प ओळीचा अल्बिनो. हे दोन वेगळे जीन आहेत, एकमेकांत मिसळत नाहीत. सगळी पिल्लं साधी तपकिरी होतील आणि प्रत्येकाच्या अंगात दोन्ही अल्बिनो लपून बसतील. घेणाऱ्याला हे सांगितलं नाहीस, तर पुढच्या पिढीत त्याचा गोंधळ होणार. नर-मादी एकाच खेपेतली भावंडं नाहीत ना, तेही विचार. दोन अल्बिनो म्हणजे सोन्याची खाण, असं कुणी म्हणत असेल तर त्याला हा परिच्छेद वाचायला दे. आणि मादीच्या डब्याला नर कधीच लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. नराशिवाय पिल्लं झाल्याची नोंद बोआत 2010 साली झाली आहे.

पिल्लं घेणाऱ्यांची यादी मला पाठव. नाव, गाव, पूर्वी साप पाळला आहे का, नोंदणी करायची तयारी आहे का, सहा-सात फुटांची मादी वीस-पंचवीस वर्षं ठेवायला जागा आहे का. "बघू, घेईन" म्हणणारे यादीत नकोत. साप विकायला आहे असं आपल्या भागात कळलं की मांडुळाचे फोन सुरू होतात, गुप्तधनवाले, दोन तोंडंवाले. त्यांच्याशी बोलत बसू नकोस, वनखात्याच्या 1926 वर कळव. आणि जागा संपली म्हणून सागरेश्वर किंवा चांदोलीच्या रानात सोडणं हा पर्यायच नाही. अरुबा बेटावर पाळीव बोआ सुटले, 1999 पासून ते तिथे पसरले आणि तिथले पक्षी, सरडे आणि छोटे प्राणी खाऊन जगतात.

माझं मत विचारशील, तर या हिवाळ्यात नको. नराचा कागद नाही, दोन तपासण्या बाकी, मादी जाड, खोली तापते, आणि तुझ्याकडे पंचवीस काय, पाच पिल्लांचीही जागा नाही. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत एवढं सगळं जमलं, तर मी शिरवळला फोन करेन आणि पहिल्या खेपेला स्वतः येईन. तोवर उंदरांचा एक डबा सुरू कर, एक नर आणि तीन माद्या, आणि चार महिने चालवून बघ. तेवढ्याचाच वास सहन झाला नाही, तर पुढचं बोलायलाच नको.

मादीचं वजन दर महिन्याच्या एक तारखेला स्वयंपाकघरातल्या काट्यावर नव्हे, वाण्याच्या काट्यावर टोपलीसकट घे, टोपलीचं वजा कर आणि आकडा कळव. बाबांनी विचारलं आहे की दिवाळीला नवमीला येतोस की धनत्रयोदशीला.

तुझी,
आई