उत्तर बरोबर होतं, बीम दुसरा होता

आदरणीय मॅडम,

नमस्कार. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा, तुमच्या ऑफिसात ड्रॉइंगच्या प्रिंट घेऊन येतो तो. तुम्ही एकदा नाव विचारलं होतं, पण मी सांगेपर्यंत तुम्हाला साइटवरून फोन आला. परवा निकाल लागला. इंजिनिअरिंगचा स्ट्रक्चर्सचा विषय (बीम-कॉलमची गणितं) तिसऱ्या खेपेला निघाला.

हे खरं तर समोर येऊन सांगायला पाहिजे. पण तुमच्यासमोर आलो की ‘प्रिंट आणल्यात’ याच्या पुढं माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून इथं, सगळ्यांदेखत लिहितोय.

त्या दिवशी तुम्ही शीटवर लाल पेनानं दुरुस्त्या करत होता आणि मला थांबायला सांगितलं होतं. मी बाकावर बसून वही काढली. तुम्ही मागं येऊन कधी उभ्या राहिलात, कळलंच नाही. सहा मीटरचा फिक्स्ड बीम, म्हणजे दोन्ही टोकं घट्ट आवळलेला, डाव्या टोकापासून दोन मीटरवर २७ किलोन्यूटनचा लोड. मी रिअ‍ॅक्शन, म्हणजे आधार वर किती जोर देतात ते, लिहिल्या होत्या डावीकडं १८, उजवीकडं ९. बेरीज २७ होते, मग चुकलं कुठं, हा माझा दोन वर्षांचा प्रश्न.

तो प्रश्न मी विचारला नव्हता असं नाही. कॉलेजात वहीवर आडवी रेघ मिळाली आणि ‘पाठांतर वाढव’ असा सल्ला. क्लासवाल्यांनी फी घेतली आणि सांगितलं, सूत्र टाक, किमती भर, पुढं चल. एका सरांनी तर भर वर्गात सुनावलं की तू गारगोटीला जाऊन शेतीच बघ. (शेतीत काय वाईट आहे, मला अजून कळलेलं नाही. सरांना उसाची एक सरी धड पाडता येणार नाही, एवढं मात्र नक्की.)

तुम्ही रेघ मारली नाहीत. माझ्याच पेन्सिलीनं माझ्या आकृतीशेजारी दुसरा बीम काढलात, त्याच्या डाव्या टोकाखाली त्रिकोण, उजव्या टोकाखाली गोल, म्हणजे टोकं न आवळता नुसती टेकवलेली. आणि म्हणालात, “उत्तर बरोबर आहे रे. बीम तेवढा दुसरा आहे.”

मॅडम, ते एवढंसं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तू चुकलास, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी कुठं बरोबर असतो, हे कुणीच सांगितलं नव्हतं. १८ आणि ९ ही नुसत्या टेकवलेल्या बीमची उत्तरं. त्या आकड्यांना तुम्ही त्यांचं घर दाखवलंत. त्या क्षणी मी दोन वर्षांत पहिल्यांदा मान वर करून बसलो.

मग ती पट्टी. टेबलावरची बारा इंची प्लॅस्टिकची पट्टी माझ्या दोन्ही मुठींत धरायला लावलीत, टोकं अजिबात वळू द्यायची नाहीत म्हणालात, आणि डाव्या मुठीजवळ बोटानं दाबलंत. “कुठलं मनगट जास्त पिरगळलं?” डावं. गंगावेशीच्या तालमीत मनगट धरल्यासारखं पिरगळलं. आणि दोन्ही मनगटांचा पीळ एकमेकांच्या उलट. लोड बरोबर मध्ये असला तर दोन्ही पीळ सारखे, एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून मधल्या लोडची गणितं माझी आपोआप बरोबर यायची आणि मला वाटायचं, आपल्याला येतंय!

माझ्या गणितात लोड डावीकडं सरकलेला, म्हणून डावा मोमेंट, म्हणजे टोकाचा तो पीळ, २४, उजवा १२. बारा उरले. बीम तर जागचा फिरत नाही, म्हणजे ते बारा कुणीतरी पेलतंय. सहा मीटरनं भागा, दोन. डावीकडची रिअ‍ॅक्शन दोननं वाढली, उजवीकडची दोननं कमी झाली. २० आणि ७. बेरीज परत २७च. समतोलाची समीकरणं दोन आणि अज्ञात चार, उरलेली दोन समीकरणं टोकं वळत नाहीत यातून मिळतात, हे पुस्तकात होतंच. पण ‘वळत नाहीत’ म्हणजे काय, ते माझ्या मनगटाला आधी कळलं.

अजून एक सांगायचंय. माझे बाबा सळई बांधायच्या कामावर आहेत. पंचवीस वर्षं कॉलमजवळ बीमला वरून जादा सळया टाकत आलेत. त्या रात्री फोन करून विचारलं, का टाकता? म्हणाले, “खांबापाशी बीम वरनं फाटतोय पोरा, मधी खालनं फाटतोय.” बस. टोकाचा मोमेंट उलटा, ताण वरच्या बाजूला, आणि काँक्रीटला ताण सोसत नाही. आमच्याच घरात उत्तर होतं आणि मी क्लासला फी भरत होतो. बाबांना मी तोवर कधी कामाचं विचारलंच नव्हतं, याची लाज वाटली.

या गावाला शिकणाऱ्या परक्या पोरांना जागा द्यायची जुनी सवय आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. शाळेत हे पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. तुमच्या ऑफिसातला तो बाक मला त्यातलाच वाटतो. तुम्हाला काय पडलं होतं? साइट खोळंबली होती, फोन वाजत होता, मी प्रिंटवाला. तरी वीस मिनिटं दिलीत, वर अर्धा कप चहाही.

पेपरात लोड एका बाजूचाच आला होता. लिहिताना डावी मूठ आपोआप आवळली गेली. शेजारचा बघत होता.

तुम्ही बीम काढलेलं ते पान मी लॅमिनेट केलंय, मालकांनी पैसे घेतले नाहीत. आणि मॅडम, तुमची पट्टी त्या दिवशी रद्द प्रिंटच्या भेंडोळ्यात माझ्याबरोबर आली. शोधत असाल तर शोधू नका, शनिवारी आणून देतो. नावही सांगतो.

तुमचा,
प्रिंटवाला