मॉडेलचा आकडा किती किलोमीटरचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरांच्या हवामान आराखड्यांत ‘मॉडेलनुसार पाऊस इतके टक्के वाढेल’ असा आकडा हमखास असतो. तो संगणकी हवामान मॉडेलच्या किती किलोमीटरच्या ग्रिडवरून (नकाशावर आखलेल्या चौकोनांच्या जाळीवरून) काढला, हे विचारल्याशिवाय कळत नाही. ठाणे-नवी मुंबईच्या बाबतीत खरी गोम तिथेच आहे.

दक्षिण आशियाच्या ‘कॉर्डेक्स’ या प्रादेशिक हवामान मॉडेलांच्या प्रकल्पात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेमार्फत मिळणाऱ्या बऱ्याच निकालांचे ग्रिड ५० किलोमीटरचे आहे. म्हणजे वसई ते पनवेल जवळपास एकाच चौकोनात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला ७४. या ग्रिडवर दोन्हींची मिळून एकच सरासरी निघते. सह्याद्रीचा कडाही बोथट होतो, त्यामुळे घाटमाथ्याचा पाऊस कमी दिसतो आणि घाटापलीकडे वाहून जातो.

मॉडेल मिळवणे अवघड नाही. इटलीतल्या ट्रिएस्टच्या आयसीटीपी या संशोधन केंद्राचे ‘रेगसीएम’ हे प्रादेशिक मॉडेल मोफत आहे. ब्रिटनच्या हॅडली सेंटरने ‘प्रेसिस’ तर विकसनशील देशांत साध्या पीसीवर चालावे म्हणूनच बनवले. खर्च येतो तो ग्रिड बारीक करताना. ग्रिड निम्मे केले की चौकोन चौपट होतात, टाइमस्टेपही (मॉडेल एका वेळी जेवढा काळ पुढे सरकते तो) निम्मा करावा लागतो, म्हणजे गणित आठपट. २५ वरून ५ किलोमीटरवर आणायचे तर सुमारे १२५ पट. एवढे करूनही, प्रादेशिक मॉडेलच्या कडेने आत येणारे वारे आणि बाष्प साऱ्या पृथ्वीच्या जागतिक मॉडेलचेच असते. तिथे मान्सून कमकुवत असेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून एकाच जागतिक मॉडेलवर विसंबणे धोक्याचे.

दोन चुका वारंवार होतात. भू-वापराची फाइल जुन्या उपग्रहचित्रांवरची राहिली, तर घणसोली-खारघर मॉडेलला शेतजमीन वाटते आणि शहराची उष्णता गायब होते. दुसरी म्हणजे, ‘जवळचा चौकोन’ म्हणून निवडलेला चौकोन मॉडेलच्या नकाशात चक्क समुद्राचा निघतो. लँड-सी मास्क (कोणता चौकोन जमीन, कोणता समुद्र हे सांगणारी फाइल) उघडून पाहायला पाच मिनिटे लागतात. तेवढेही कुणी करत नाही!

तेव्हा आराखड्याच्या निविदेतच अट घालावी: आधी ‘ईआरए५’ या मागच्या हवामानाच्या जागतिक माहितीसंचाच्या आधारे मॉडेल मागच्या किमान वीस वर्षांसाठी चालवून निकाल हवामान खात्याच्या पर्जन्यमापकांशी ताडून दाखवा, मगच भविष्याचे बोला. बायस करेक्शनने, म्हणजे मॉडेलची नेहमीची चूक नोंदींनुसार दुरुस्त करून, सरासरी जुळते, पण नोंदीत कधीच न आलेल्या मुसळधारेबद्दल त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

नाल्यांना दिवसाची बेरीज पुरत नाही, तासाचा पाऊस लागतो. वाशी-बेलापूरचे होल्डिंग पाँड (पावसाचे पाणी साठवणारे तलाव) भरतीच्या वेळी खाडीचे पाणी अडवतात, तेव्हा शहराचे पाणी आतच साठते. त्यामुळे पंधरा-पंधरा मिनिटांचा पाऊस आणि त्याच वेळची भरतीची पातळी, दोन्ही एकत्र हवे. प्रत्येक प्रभागात स्वयंचलित पर्जन्यमापक बसवून महापालिकांनी ही मापे कच्च्या स्वरूपात संकेतस्थळावर टाकावीत. पुढे जो कोणी पाच किलोमीटरचे मॉडेल चालवेल, त्याला तपासणीसाठी ती लागणारच आहेत.

आपला,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई