दिवाळ्याच्या मावशींना, चिंगीच्या वतीने

मावशी,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही जिला 'चष्मेवाली' म्हणता, ती मी. दर रविवारी सीवूड्सहून दिवाळे गावच्या बाजारात येऊन दोनच बांगडे नेणारी. समोर उभं राहून आभार मानायला गेले की तुम्ही "जा गो, गिऱ्हाईक खोळंबलंय" म्हणून वाटेला लावता. म्हणून हे पत्र. तुमच्या नातीने मोबाइलवर वाचून दाखवायचं कबूल केलंय.

मागच्या मार्चमध्ये तुमच्या पाटीपुढे पहिल्यांदा आले, तोवर मी मासा हातात धरला नव्हता. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे. माझ्या मांजरीला, चिंगीला दूध-चपाती, दहीभात, कधी पनीर वाढायचे, आणि जीव लावून वाढायचे. ती खायचीही. पण तिची पाठ बघवत नव्हती. केस राठ झालेले, मधूनच पुंजके गळालेले, काळ्या अंगावर पांढरा कोंडा. हात फिरवला की तळव्याला भुसा लागायचा. कुणीतरी म्हणालं मासे घाल, म्हणून मी तुमच्याकडे स्वस्तातली डोकी आणि शेपट्या मागितल्या.

तुम्ही दिली नाहीत. आजवर काय घालत होते ते विचारलंत आणि म्हणालात, "बाय, मांजरीला माळकरी करू नको. आणि हे काटं घातलंस तर घशात अडकून मरंल. आधी डॉक्टरला दाखव, मग ये." त्या दिवशी मी रिकाम्या पिशवीने परत गेले. आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणं सोपं नसतं, मावशी.

डॉक्टरांनी चिंगीला बारीक कंगव्याने विंचरलं आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकले. पिसवांची घाण असती तर तांबूस डाग पसरला असता. पसरला नाही. बुरशीही तपासली, तीही नव्हती. मग त्यांनी तुमचाच प्रश्न विचारला: खाते काय? मांजर पक्की मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक तिचं शरीर पुरेसा बनवत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय कमजोर होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिला होता. गाजर खाऊन आपलं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, तिला तेही जमत नाही. आणि केस म्हणजे बहुतेक सगळं प्रथिनच, ते चपातीतून कुठून येणार? हे ऐकताना मला रडू आलं. चिंगीचं हृदय तपासलं, ते ठीक निघालं.

पुढच्या रविवारी मी डॉक्टरांचा कागद घेऊन आले. बांगडा त्वचेला चांगला, त्याच्या तेलात ओमेगा-३ असतं, असं त्यात होतं. पण काटे कसे काढायचे हे कोणत्या कागदात असणार? तुम्ही पाट माझ्याकडे सरकवलात. शिजलेला बांगडा पाठीवरून उघडायचा, मधला काटा शेपटीकडून धरून अख्खा उचलायचा, मग डोळे मिटून बोटांनी मांस चाचपायचं. "डोळ्याला दिसत नाय, बोटाला लागतं," म्हणालात. आजही मी तसंच करते, दोन वेळा चाचपते.

आता आमच्याकडे चिंगीचं वेगळं पातेलं आहे. मुख्य जेवण कोंबडीचं: मांडीचं मांस जास्त, थोडी हृदयं, यकृत मात्र अगदी जरासं, कारण त्यातलं अ जीवनसत्त्व साठत जाऊन बाधतं. कमी पाण्यात शिजवायचं आणि ते पाणी जेवणातच मिसळायचं, कारण टॉरिन पाण्यात उतरतं. एक किलो मांसाला एक चहाचा चमचा अंड्याच्या कवचाची बारीक पूड, नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी म्हणून. मांस निवलं की डॉक्टरांनी ठरवून दिलेली टॉरिनची पूड आणि ई जीवनसत्त्व. कांदा-लसूण औषधालासुद्धा नाही, कांद्याने मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बांगडा आठवड्यातून दोनदाच, तोही शिजवून. कच्च्या माशात बी-१ जीवनसत्त्व नासवणारा घटक असू शकतो. मी एकदा उत्साहाने सहा बांगडे मागितले, तेव्हा तुम्ही दोनच तोललेत. "तेलकट मासा रोज नको." डॉक्टरांनीही नेमकं तेच बजावलं होतं.

१ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागली. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर समुद्रात जाणार नव्हते. तुमच्याकडे बर्फातला माल होता, तरी म्हणालात, "हा तुझ्या मांजरीला नको, कोंबडीवर काढ दोन महिने." मी डॉक्टरांना विचारून माशाच्या तेलाचे मोजके थेंब सुरू केले.

पहिला महिना फरक दिसेना. मग मेच्या शेवटी खिडकीत बसलेल्या चिंगीच्या मानेमागे बोटभर जागेत नवे केस दिसले, मऊ, काळेभोर. नारळी पौर्णिमेपर्यंत पाठ भरली. आता हात फिरवला की तळवा कोरडा, स्वच्छ राहतो. मी तो दिवसातून किती वेळा बघते, काय सांगू.

मावशी, त्या दिवशी डोकी दिली नाहीत, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

येत्या रविवारी चिंगीचा फोटो दाखवायला आणते. दोन बांगडे बाजूला ठेवा, गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असो.

तुमची,
चष्मेवाली