पोरांना समजवायला पोरंच पुढे यायला हवीत

मा. संपादक,
स.न.

गेल्या दिवाळीत माझा सतरा वर्षांचा मुलगा समोरच्या घरी फराळाला जायला तयारच होईना, रांगत होता तेव्हापासून जातोय तो त्या घरात! मोबाईलवर कुठलीतरी क्लिप बघितलेली, दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या की म्हणे ईमान जातं. मी ओरडलो, त्याच्या अम्मीने समजावलं, काही उपयोग नाही. शेवटी आमच्या मोहल्ल्यातल्या तरुणांच्या ग्रुपमधला एक बावीस-तेवीसचा मुलगा, दिवसभर कुरिअर वाटून दमून आलेला, इशाच्या नमाजनंतर त्याला मशिदीबाहेरच्या पायरीवर घेऊन बसला. कुरआनातल्या सूरह बकराची १४३ वी आयत काढली, त्यात मुसलमानांना 'उम्मतन वसतन' म्हटलंय, म्हणजे मधली, कुठल्याच टोकाला न जाणारी उम्मत, म्हणजे समाज. दोन कटिंग होईपर्यंत बोलत होते दोघं. भाऊबीजेला पोरगा आपणहून समोर गेला.

माझं ऐकलं नाही ते त्याचं ऐकलं, कारण तो त्यांच्यातलाच.

इंडोनेशियात हे काम संघटना बांधून चालतं. तिथली नहदतुल उलमा ही मुस्लिम संघटना १९२६ ची, तिची तरुणांची शाखा अन्सोर १९३४ ची, मुलींची वेगळी संघटनासुद्धा १९५५ पासून आहे. अन्सोरची बान्सेर म्हणून स्वयंसेवकांची तुकडी आहे, ती पोरं नाताळला चर्चबाहेर पहाऱ्याला उभी राहतात. २४ डिसेंबर २००० ला मोजोकेर्तो शहरात अशाच ड्युटीवरच्या रियांतोने चर्चमध्ये सापडलेला बॉम्ब उचलून बाहेर नेला आणि त्यातच गेला, पंचवीस वर्षांचा होता फक्त. भाषणं ऐकून एवढं येत नाही हो माणसात, रोज एकत्र काम केल्याने येतं.

आपल्याकडेही होतंच की. २०२३, २०२४, २०२५, तिन्ही वर्षं ईद-ए-मिलाद अनंत चतुर्दशीला लागून आली आणि भायखळ्याच्या खिलाफत हाऊसवरून निघणारा जुलूस पुढे ढकलला. "आपणच का?" असं आमच्या ग्रुपमधल्या लहान पोरांनीही विचारलं, मोठ्यांनी बसून नीट समजावलं. असं बसायला जागा मात्र नाही. मशिदीच्या ट्रस्टचा हॉल संध्याकाळी बंदच असतो, तो आठवड्यातून दोन दिवस तरी या पोरांना द्या, एक दिवस मुलींसाठी ठेवा, माझी धाकटी कधीची मागे लागलीये. हॉल उघडायला-बंद करायला कोणी नसेल तर किल्ली माझ्याकडे द्या, मी रोज येईन.

– एक पालक, कुर्ला (प.)