मँगनीज यादीत का नाही?

महोदय,

'क्रिटिकल मिनरल्स'वरचा, म्हणजे देशाला ज्यांच्यावाचून चालणार नाही अशा खनिजांवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. लिथियम आलं, कोबाल्ट आलं, निकेलही आलं. मँगनीजचा मात्र शब्द नाही. लेखकाला तरी काय बोल लावायचा? केंद्राने २०२३ साली जाहीर केलेल्या ३० खनिजांच्या यादीतच ते नाही. अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्या याद्यांत आहे.

माझी आई इथल्या डोंगरी बुजरुकच्या मँगनीज खदानीवर माल निवडायची. दगड हातात घेतला की न बघता सांगायची, हा माल, हा नुसता गोटा. चांगला मँगनीजचा दगड तेवढ्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा दीडपटीहून जड असतो, हे मला कॉलेजात घनता शिकताना कळलं. तळहाताच्या रेषांतला काळा रंग तिच्या हातावरून कधी पुरता गेलाच नाही. टॉर्चच्या सेलमध्ये जी काळी पूड असते तिच्यासाठी लागणारा मँगनीज डायऑक्साइड आमच्या खदानीतून जातो, याचं आम्हा पोरांना भारी अप्रूप. मिळेल तो जुना सेल फोडून बघायचो आणि मार खायचो.

इथला इतिहास काही लहान नाही. १८९६ साली एका ब्रिटिश सिंडिकेटने मध्य प्रांतात शोध सुरू केला, त्यातूनच पुढे सी.पी.एम.ओ. (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर) कंपनी झाली. तुमसर रोडहून तिरोडीला जाणारा रेल्वेचा फाटा आला तो या मालासाठी. माल जहाजाने परदेशी पोलाद कारखान्यांकडे जाई. फर्मोर नावाच्या भूवैज्ञानिकाने १९०९च्या सुमारास इथल्या एका खडकाला 'गोंडाइट' नाव दिलं, गोंडांवरून. दगडाला नाव मिळालं; गोंडांना काय मिळालं, हा वेगळ्या पत्राचा विषय. १९६२ साली सरकारने ५१ टक्के हिस्सा घेऊन आजची 'मॉइल' ही मँगनीज खाणींची कंपनी उभी केली, उरलेला ४९ टक्के १९७७ साली घेतला. देशातलं जवळपास निम्मं मँगनीज आज तीच काढते.

पोलादात गंधक राहिलं की तापलेली पट्टी लाटताना तडकते. मँगनीज त्या गंधकाला बांधून ठेवतं, म्हणून त्याच्यावाचून पोलादाचं चालत नाही. राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचं लक्ष्य ठेवलं आहे. शिवाय विजेवरच्या गाड्यांच्या अनेक बॅटऱ्यांत लिथियमच्या जोडीला मँगनीज लागतंच.

'आपल्याकडे भरपूर आहे, म्हणून यादीत नाही,' असं एका निवृत्त खाण अभियंत्याने मला समजावलं. भरपूर आहे हे खरं. पण त्यातला बराच माल कमी प्रतीचा, फॉस्फरस जास्त असलेला. म्हणून दक्षिण आफ्रिका आणि गॅबॉनहून आपण चांगला माल आणतोच ना! घरात ज्वारीचं पोतं भरलेलं असून पोळीसाठी गहू बाजारातून आणावा लागत असेल, तर 'धान्य भरपूर आहे' या म्हणण्याला काय अर्थ?

यादीचा फेरविचार व्हावा, आणि हलक्या प्रतीच्या मालातून बॅटरीच्या शुद्धतेचं मँगनीज काढायच्या संशोधनाला पैसा मिळावा. डोंगरीत विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा कारखाना पूर्वीच निघाला आहे, म्हणजे सुरुवात कोऱ्या पाटीपासून करायची नाही. आपल्या वार्ताहराला एकदा इकडे धाडा. गोबरवाहीच्या पुढे गाडीतून उजव्या-डाव्या हाताला बघितलं तरी लेखाला पुरेल.

– एक निवृत्त शिक्षिका, तुमसर (जि. भंडारा)