रेवाला पाठवत नाही, तुम्हीच या

पुणे, ४ जुलै

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात, "थोरल्या रेवाला सहा महिने आमच्याकडे चिपळूणला पाठव, तुझी निम्मी ओढाताण कमी होईल." मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. त्याचं उत्तर आज देते आहे. फोनवर बोलायला बसले की निहार उठतो, त्याच्या आवाजाने नीरजा उठते, आणि तुम्हाला ऐकू जातं ते नुसतं रडणं. हे मला सलग सांगायचं आहे, म्हणून पत्र. तेही तीन रात्री मिळून लिहून होतंय.

आधी पोरांची खबर. पहिल्या तारखेला जुळ्यांना पाच महिने पूर्ण झाले. निहार सहा किलो शंभर ग्रॅम, नीरजा पाच किलो सहाशे. चौदाव्या आठवड्याच्या लसी कधीच झाल्या, आता एकदम नवव्या महिन्यात जायचं. समीरची नोकरी ठीक चालू आहे. बाबा, सोनोग्राफीत जुळं दिसलं तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी त्याच्या सरकारी नोकरीची काळजी केली होती, "तिसरं मूल धरतील का?" म्हणून. २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांतच लिहिलंय की एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात जुळं झालं तर ते एकच धरायचं. हे तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं, पण तुमचा आवाज काही हलका झाला नव्हता. आता ती काळजी खरंच सोडा.

माझी सव्वीस आठवड्यांची रजा १५ जुलैला संपते. तिला जुलैअखेरपर्यंत शिल्लक रजा जोडली आहे आणि १ ऑगस्टला रुजू होते आहे. ऑफिसच्या पाळणाघरात सहा महिन्यांपुढची मुलं घेतात, त्यामुळे जुळी माझ्याबरोबरच येतील. दिवसातून चार वेळा त्यांच्याकडे जाण्याची मुभा कायद्यानेच आहे, म्हणजे अंगावरचं दूध तोडावं लागणार नाही. तेव्हा त्या दोघांचं मार्गी लागलं. प्रश्न राहतो तो रेवाचा. तुम्ही नेमकं तिलाच मागितलंत.

आता आई, तुझ्याशी बोलते.

मी गुहागरला आजीकडे गेले तेव्हा मी दोन वर्षं आणि एक महिन्याची होते. रेवा आज बरोबर तेवढीच आहे. १९९३ चे गणपती, दादाची लस राहून गेलेली आणि त्याला गोवर आलेला, छोटू वीस दिवसांचा. चाकरमान्यांच्या जादा गाड्या सुटलेल्या, त्यामुळे बाबा डेपोतून रात्री दहाच्या आत घरी येत नव्हते. पाऊस थांबेना, लंगोट वाळेनात, तू टोपलीखाली निखारे ठेवून वरती दुपटी वाळवत होतीस. हे सगळं मला तुझ्याकडूनच माहीत आहे, मला यातलं काहीच आठवत नाही. आजी गणपतीला आली आणि म्हणाली, "मधलीला नेते मी दहा-पंधरा दिवस." त्या दहा-पंधरा दिवसांचे चौदा महिने झाले. आधी गोवर, मग छोटूचं पोट, मग तुझा अंगावर काढलेला ताप, मग दादाची शाळा. आणि शेवटी ते वाक्य, जे आजी पुढे कितीतरी वर्षं कौतुकाने सांगायची: "पोर इतकी रुळली, एकदाही रडली नाही."

गुहागरचं मला जे आठवतं ते तुकड्यातुकड्यांत. आगरातला पाट, त्यात सोडलेली पोफळीची विरी, मामाच्या खांद्यावरून दिसणारा समुद्र. आणि रविवारी बाबा यायचे ते. बाबा, तुमच्या शर्टाला डिझेलचा वास यायचा. तो वास ओटीवर आला की मी माजघरात कणगीच्या मागे जाऊन उभी राहायचे. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. तुम्ही हाका मारायचात, मग आजीशी बोलत बसायचात, आणि तीनच्या गाडीने परत जायचात. गाडीचा हॉर्न ऐकू आला की मी बाहेर यायचे.

त्या दिवसांतला एकच फोटो होता, ओटीवरचा, लाल फ्रॉकमधला. २०२१ च्या पुरात ट्रंकेसकट भिजला. साफसफाई करताना तुम्ही दोघांनी तो वाळवायला ठेवला होता, पण कागदावर काही उरलं नव्हतं. त्या दिवशी घरात गुडघाभर चिखल असताना आई, तू फ्रिजसाठी रडली नाहीस, त्या फोटोसाठी रडलीस. मला तेव्हा नवल वाटलं होतं.

मी परत आले तेव्हा तुला "ताई" म्हणायचे, कारण मामा तुला ताई म्हणायचा. आपल्या घरात हे लग्नाकार्यात हसत सांगतात. तूही हसतेस. मीही हसत आले. पण बारावीच्या वर्षी भांडताना मी तुला म्हणाले होते, "तू मला टाकून दिलं होतंस." तू काहीच बोलली नाहीस, भाकरी थापत राहिलीस. ते वाक्य मी कधी मागे घेतलं नाही. आज घेते आहे. टाकणं काय असतं आणि पुरं न पडणं काय असतं, यातला फरक मला या पाच महिन्यांत कळला.

कसा कळला ते सांगते. हे मी समीरलासुद्धा सांगितलेलं नाही. मागच्या गुरुवारी तो दौऱ्यावर होता. रात्री अडीच वाजता निहार उठला, त्याला पाजायला घेतलं, तर नीरजाही उठली. एक अंगावर, एक मांडीवर, माझे दोन्ही हात अडकलेले. वर बघितलं तर दारात रेवा उभी. उशी छातीशी धरून. चड्डी ओली. ती काही बोलली नाही, नुसती बघत होती. आणि माझ्या मनात आलं, हिला कुणीतरी घेऊन जावं. थोडे दिवस. कुणीतरी यावं आणि हिला इथून घेऊन जावं. आई, मी माझ्या दोन वर्षांच्या मुलीकडे बघून हे मनात म्हणाले. त्यानंतर तीनच दिवसांनी बाबांचा फोन आला.

तू १९९३ मध्ये असं मनात म्हणालीस की नाही, मला माहीत नाही. म्हणाली असशील तर तुझ्यावर माझा कसलाही राग नाही. तुझ्याकडे डायपर नव्हते, मशीन नव्हतं, नवरा दहाला यायचा, आणि तीन मुलं चार वर्षांच्या आतली. मला मालिशला मावशी आहेत, समीर रात्रीची एक पाळी करतो, तरी मला दुपारपर्यंत केस विंचरायला होत नाही.

रविवारी फोन ठेवल्यावर मी खरंच रेवाची बॅग काढली. फ्रॉक, स्वेटर, तिची गोधडी. ती बाजूला बसून बघत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन आले तर बॅगेत निहारचं टोपडं आणि नीरजाची दोन झबली. विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाली, "बाळं पण." तिला वाटलं आपण सगळेच निघालोय. मी बॅग रिकामी केली.

पण एवढ्यावरून मी ठरवलेलं नाही. खरं कारण वेगळं आहे आणि ते तुझ्याकडूनच शिकलेलं आहे.

आठवतं, दवाखान्यात तिसऱ्या दिवशी? छत्तिसाव्या आठवड्यात आलेली पोरं, निहार दोन किलो शंभर, नीरजा एक किलो आठशे. समीर उघड्या छातीवर नीरजाला घेऊन बसायचा, कांगारूसारखं, आणि तुला आधी संकोच वाटून तू पडद्याबाहेर जायचीस. दोन दिवसांनी तूच त्याच्या पाठीला उशी लावायला लागलीस. निहार सारखा रडायचा म्हणून मी सारखी त्यालाच घ्यायचे. नीरजा झोपलेली असायची, मला वाटायचं, शहाणी आहे बिचारी. तेव्हा तू म्हणालीस, "रडतोय त्याची काळजी नको, तो मागून घेईल. गप्प आहे तिला आधी उठव." नर्सनेही नंतर तेच सांगितलं, कमी वजनाचं बाळ भुकेलं असूनही झोपून राहतं, दर दोन तासांनी उठवून पाजा. मी वही केली, कोण कधी, कुठल्या बाजूला, किती मिनिटं. आजही ती वही चालू आहे आणि नीरजाचं नाव मी आधी लिहिते.

(गुटीचंही सांगायचं राहिलं होतं. तू चिपळूणहून सहाण आणलीस, वेखंड, मुरडशेंग, खारीक, सगळं निवडून पुडीत बांधून. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. तू एक शब्द न बोलता सहाण वरच्या फळीवर ठेवलीस. तीन मुलं वाढवलेल्या बाईला ते सोपं गेलं नसणार. तेव्हा आभार मानायचे राहून गेले.)

तर रेवा. फेब्रुवारीत ती खूप रडायची. मी पाजायला बसले की माझा हात ओढायची, पाळण्यात चढून बसायची, "मी पण बाळ" म्हणायची, बाटली मागायची. निहारच्या पायाला एकदा चावली. तेव्हा आम्हाला वाटायचं, कधी संपणार हे. मे महिन्यापासून हे सगळं बंद झालं. आता ती मागत नाही. मी नीरजाला घेतलं की स्वतःच उठून खिडकीपाशी जाते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती समजूतदार झाली हो!" आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण मला आजीचा आवाज ऐकू आला: पोर रुळली.

आई, मी गुहागरला रुळले नव्हते. मी मागायचं सोडून दिलं होतं.

हे वाचून तुला त्रास होईल, मला माहीत आहे, आणि तरी लिहिते आहे, कारण तूच शिकवलंस की गप्प आहे त्याच्याकडे आधी बघायचं. आपल्या घरात तेव्हा ते कळायला कुणाला उसंतच नव्हती. माझ्याकडे थोडी आहे. डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या, रोज पंधरा मिनिटं तिची एकटीची ठेवा, त्यात बाळं नकोत, फोन नको. म्हणून समीर सातला आला की जुळी त्याच्याकडे, आणि रेवा आणि मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जातो. कोथिंबीर तिने निवडायची, पैसे तिने द्यायचे. येताना जिने चढून येतो, लिफ्ट नाही, म्हणजे वेळ जरा जास्त मिळतो. पहिले चार दिवस ती माझा हातही धरत नव्हती. परवा दुसऱ्या मजल्यावर थांबून हात वर केले, "घे" म्हणाली. दोन मजले कडेवर घेऊन चढले. पाठ दुखली, पण घेतलं.

म्हणून तिला मी कुठेच पाठवणार नाही. तुमच्याकडेही नाही. तुमच्याकडे तिचे लाडच होतील, मला ठाऊक आहे. पण तिच्या लेखी ती आमच्यापासून लांब गेलेली असेल, आणि बाळं मात्र आमच्याजवळ.

बाबा, आता तुमच्या प्रस्तावाला माझा प्रस्ताव. तुम्ही दोघं या. जुलैअखेर या आणि गणपतीला घरी जायचं तर आपण सगळेच मिळून जाऊ. आईच्या गुडघ्यांना मी जुळ्यांचं ओझं देणार नाही, ती दिवसभर माझ्याबरोबर ऑफिसात असतील. तुम्हाला फक्त रेवा. सकाळी मऊ भात, मेतकूट, तूप, तेही ती स्वतःच्या हाताने खाते, सांडते, ते सांडू द्यायचं. दुपारी झोपवताना गोष्ट. संध्याकाळी बाबांनी बागेत न्यायचं. ती लपली तर शोधायची, बाबा. हाक मारून थांबू नका, मागे जाऊन शोधायची. तिला सापडायला फार आवडतं.

आणि आई, रात्री पोरं झोपली की मला ते चौदा महिने सांग. आजीची बाजू ऐकून झाली, हसण्याची गोष्टही ऐकून झाली. छोटूला पाजताना तू काय विचार करायचीस, ते मला कधी कुणी सांगितलं नाही. मी आता ऐकू शकेन.

घाटात पाऊस फार आहे, रात्रीची गाडी घेऊ नका. सकाळची घ्या, दोघांनाही अर्धंच तिकीट पडेल. समीर स्वारगेटला येईल. बाबांच्या डोळ्यांचे थेंब आणि आईची गुडघ्याची पट्टी विसरू नका. सामान जास्त आणू नका, फक्त आईच्या जुन्या मऊ साड्या असतील तर दोन-तीन आणा, जुळ्यांना दुपट्यांना लागतील. सहाण फळीवर आहेच. १ ऑगस्टला सहा महिने होतात, मग डॉक्टरांना विचारून खारीक तूच उगाळून दे.

रेवाने पाकिटात एक पान घातलं आहे. निळं आहे ते समुद्र, असं ती म्हणते. तिने समुद्र अजून बघितलेला नाही. गणपतीत तिला गुहागरला नेऊ, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

तुमची,
मधली